पंचफुलामावशीचे कान

पंचफुलामावशी अंधारात बोलत नसे. संध्याकाळी लाइट गेली की धामणगावच्या आमच्या गल्लीतल्या बायका ओट्यावर येऊन बसत आणि दिवसभर राहून गेलेलं सगळं बोलून घेत. मावशीही यायची, भिंतीला टेकून बसायची, पण गप्प. कोणी काही विचारलंच तर "हो बापा" एवढंच. लाइट आली की तिचा आवाज पुन्हा सुरू, आणि तोही साधा नाही, पार रेल्वे फाटकापर्यंत जाईल असा. आम्हाला वाटायचं, हिला अंधाराची भीती वाटते. खरं कारण कळायला मला चाळिशी गाठावी लागली.

ती आमच्या शेजारची. माझ्या आईची मैत्रीण, म्हणून मावशी. नवरा लवकर गेला तेव्हा मुलगा विलास दुसरीत होता. तेव्हापासून ती जिनिंग फॅक्टरीत रेच्यावर होती. रेचा म्हणजे कापसातून सरकी वेगळी काढणारं यंत्र. लांबच लांब शेडमध्ये दोन्ही बाजूंना रेच्यांच्या रांगा, आणि प्रत्येक रेच्यासमोर एक बाई, हाताने कापूस पुढे ढकलणारी. दिवाळीनंतर हंगाम सुरू झाला की उन्हाळा लागेपर्यंत हेच. मी लहानपणी एकदा तिचा डबा द्यायला आत गेले होते. दारातच कानांवर हात ठेवून उभी राहिले. आवाज कानांत येतो असं वाटतच नव्हतं, तो दातांत आणि छातीत शिरत होता. आणि त्या आवाजात शेडमधल्या सगळ्या बायका निवांत गप्पा मारत होत्या. ओठ हलत होते, भुवया उडत होत्या, हाताची दोन बोटं अशी वळवली की "सासू", तशी वळवली की "मॅनेजर". एक बाई काहीतरी म्हणाली आणि तिसऱ्या रांगेतली मावशी पोट धरून हसली. मला एक अक्षर ऐकू आलं नाही. त्यांनाही आलं नव्हतं. त्या एकमेकींकडे पाहून ऐकत होत्या.

तिचे कान कधी गेले हे म्हणूनच कोणाला सांगता येणार नाही. जिथे कोणालाच ऐकू येत नाही तिथे एकीचं कमी झालं हे कळणार कसं?

घरी आली की केसांत, भुवयांत रुई अडकलेली. चेहरा धुवायच्या आधी चहा. आपण बोलायला लागलो की हनुवटीला धरून आपलं तोंड उजेडाकडे वळवायची आणि म्हणायची, "तोंड दाखव, मंग बोल." आम्हा पोरींना तो लाड वाटायचा. माझे वडील पोस्टात होते, त्यांच्या मिशा भरघोस. त्यांना ती एकदा गंभीरपणे म्हणाली होती की भाऊ, या मिशा कापा, तुमचं अर्धं बोलणं मिशांतच राहते. वडील आठवडाभर हसत होते. विहारात वंदना चालू असताना सगळ्यांचे डोळे मिटलेले, हिचे उघडे, समोरच्या बाईच्या तोंडावर लागलेले. आणि हिचा आवाज सगळ्यांच्या अर्धं पाऊल मागून येणारा. तिची भक्ती कच्ची आहे, असं एकदोघी म्हणायच्यासुद्धा.

पण गल्लीतलं सगळ्यात पक्कं मत वेगळंच होतं. पंचफुलाबाईला सोयीचं तेवढं ऐकू येतं. कारण दार आपटलं की ती दचकायची. ट्रक आला की बाजूला व्हायची. विलासने जाड आवाजात हाक मारली तर "काय रे" म्हणायची. सून संगीताने हाक मारली की ढिम्म. कुकरच्या चार शिट्या झाल्या तरी गॅस बंद करायची नाही. "लेकाचं नाव काढलं की ऐकू येते, भांडे घासाचं म्हटलं की नाही," असं संगीता माझ्या आईला सांगायची, आणि तिचंही चुकत नव्हतं. दिसत तसंच होतं. बारीक, टोकदार आवाज कानातून आधी जातात आणि जाड आवाज मागे उरतात, हे आमच्यापैकी कोणाला माहीत होतं?

मावशीने या सगळ्यावर एक उपाय काढला होता. समजलं नाही की मान हलवायची आणि "हो" म्हणायचं. परत परत विचारलं की लोकांच्या कपाळावर आठी येते, ती तिला ऐकण्याआधी दिसायची. "हो" म्हटलं की समोरचा खूश, आपण मोकळे.

या ओठ वाचण्याने आमच्या घरावर मात्र उपकार केले. माझ्या थोरल्या बहिणीला पाहायला मूर्तिजापूरहून पाहुणे आले होते. मुलगा नोकरीला, घर चांगलं, आईवडिलांनी मनातल्या मनात होकार देऊन टाकलेला. मावशी मदतीला आली होती आणि पोह्यांच्या बशा घेऊन आतल्या दारात उभी होती. समोर, खोलीच्या पार दुसऱ्या टोकाला, मुलाची काकू मुलाच्या आईच्या कानाशी लागली. मावशीने बशा खाली ठेवल्या. वडिलांना खुणेने मागे बोलावलं, पार न्हाणीपाशी नेलं, आणि कुजबुजली.

आता मावशीची कुजबूज म्हणजे काय, ते तिला सोडून सगळ्या गावाला माहीत होतं. स्वतःचा आवाजच ऐकू येत नसेल तर माणूस तो किती खाली आणणार?

"भाऊ," ती म्हणाली, "त्या पोराची पयली बायको हाय. फारकत नाई झाली अजून. ते काकू सांगून राहिली का आता हे काढू नोको."

बैठकीतल्या कपबशांचा आवाज बंद झाला. वडील बाहेर आले तेव्हा पाहुणे चपला शोधत होते. कोणी काही नाकारलं नाही. पोहे तसेच राहिले, ते संध्याकाळी आम्हीच खाल्ले. माझी बहीण आज अकोल्याला सुखात आहे, आणि मावशीचा विषय निघाला की हसते. त्या दिवशीही आमच्यापैकी कोणी विचारलं नाही की एवढ्या लांबून हिला ऐकू कसं आलं. बाई तिखट कानाची आहे, असं आई म्हणाली.

मग तोंडावर मास्क बांधायचे दिवस आले, आणि मावशीचं जग एका आठवड्यात बंद झालं.

मी तेव्हा अमरावतीला शाळेवर होते, शाळा बंद म्हणून माहेरी आलेली. मावशी पाच मिनिटं घराबाहेर पडली तरी कोणाशी ना कोणाशी भांडण होऊन परत यायची. रेशनच्या रांगेत पोऱ्या म्हणाला मागे सरका, ही पुढे सरकली. त्याने ओरडून सांगितलं. ओरडल्याने आवाज मोठा होतो, ओठ तर फडक्यामागेच. शेवटी त्याने खांद्याला धरून ढकललं. तिने त्याला काय सुनावलं ते इथे लिहिण्यासारखं नाही. पण घरी येऊन ती ओट्यावर बसली आणि मला म्हणाली की मंदा, सारे लोक मुके झाले माय. मला वाटलं, वैतागून म्हणते आहे.

तिचा एकच भाऊ, गुणवंतमामा, अकोल्याला. आईबाप गेल्यावर त्यानेच तिला सांभाळलेलं. विलासच्या फीपासून लुगड्यापर्यंत सगळं न बोलता करणारा माणूस. बसगाड्या पुन्हा सुरू झाल्या होत्या त्या सुमारास तो आजारी पडला. फोन संगीताच्या मोबाइलवर आला. संगीता तेव्हा तिच्या आजारी आईला दवाखान्यात दाखवून नुकतीच परतली होती, अंघोळ व्हायची होती, म्हणून ती अंगणातच थांबली आणि मास्कमधूनच सासूला म्हणाली की मामा सिरियस आहेत, तुम्ही येता का, उद्या सकाळी निघू. मावशी तूर निवडत होती. तिने मान हलवली, "हो" म्हणाली आणि पुन्हा सुपाकडे वळली.

सकाळी विलास तयार होऊन उभा, आणि मावशी भाकरी थापत होती. त्याने विचारलं, येत नाही का? मास्क लावलेला, निघायची घाई. ती म्हणाली, "हो, ये जाऊन." तिला वाटलं, तो कामासाठी बाहेरगावी निघाला आहे. संगीताला वाटलं, म्हाताऱ्या माणसाला या दिवसांत प्रवासाची भीती वाटली असेल, कशाला जोर करा. विलास एकटा गेला. मामा दुसऱ्या दिवशी गेला.

विलास परत आला ते मुंडण करून. तेव्हा तिला कळलं. मी भिंतीपलीकडून धावत गेले. ती रडत नव्हती. प्रत्येकाचं तोंड धरून विचारत होती, "मले काऊन नाई सांगतलं?" संगीता रडत रडत सांगत होती की सांगितलं होतं, तुम्ही हो म्हणाल्या होत्या. दोघी खरं बोलत होत्या. अकोल्याला मात्र एकच निरोप पोचला होता. सख्खी बहीण असून आली नाही. मामाच्या बायकोने पुढे विलासचा फोन उचलणंही सोडलं.

त्या रात्रीनंतर मावशी दोन महिने "हो" म्हणाली नाही. काहीही विचारलं तरी नुसती पाहत राहायची.

शाळा सुरू झाली तशी मी तिला अमरावतीला घेऊन गेले. कानाच्या दवाखान्यात एक लहान खोली होती, भिंतींना जाड गादीसारखं काहीतरी लावलेलं. मशीनवर एक तरुण मुलगी होती, मावशीला तिने खुर्चीवर बसवलं, कानांवर हेडफोन चढवला, हातात बटण दिलं आणि खुणेने सांगितलं की बारीकसा आवाज आला तरी दाबा. मावशी दाबत होती. बरोबर दाबत होती. मला हायसं वाटलं. पण त्या मुलीने अचानक थांबून मावशीची खुर्ची भिंतीकडे फिरवली. मावशी तिच्या हाताकडे पाहून बटण दाबत होती.

खुर्ची फिरवल्यावर काचेतून मी पाहत होते. मुलगी चकती फिरवत होती, आवाज वाढवत होती, पुन्हा वाढवत होती. मावशीचा अंगठा बटणावर तसाच. पाठीमागून ती फार लहान दिसत होती.

डॉक्टर भला माणूस होता. मास्क काढून, तोंड समोर आणून, सावकाश बोलला. कानात आत अगदी बारीक केसांसारखं काहीतरी असतं, आवाज आला की ते हलतं आणि मेंदूला कळतं. रोजच्या मोठ्या आवाजाने ते वाकतं. रात्रभर विश्रांती मिळाली तर उठतं. पण वर्षानुवर्षं रोज तुडवलं गेलं की मोडतं, आणि मोडलं की परत येत नाही. कोणाचे कान वयाने जातात, कोणाचे लहानपणी वाहून वाहून, कोणाचे एखाद्या जालीम औषधाने, कोणाचे जन्मापासूनच. तुमचे कामाने गेले. मशीन देतो, त्याने आवाज मोठा होईल, पण पूर्वीसारखा स्वच्छ होईलच असं नाही.

मावशीने एकच विचारलं. रेच्यावर कापसाचे ढीग असतात, तोच कानात कोंबला असता तर वाचले असते का? डॉक्टर म्हणाला, नुसत्या कापसाने तेवढा आवाज अडत नाही, त्यासाठी कानावर बसणारी झाकणं वेगळी मिळतात.

मशीन कानामागे लावल्यावर ती दवाखान्याच्या पायरीवरच थांबली. स्वतःच्या बांगड्या हलवून पाहिल्या. रिक्षा, हॉर्न, कोणाची तरी चप्पल, माझ्या हातातला कागद, सगळं एकदम तिच्या अंगावर आलं असावं. "इतका गलका करता काय तुमी सारे?" ती म्हणाली. पुढेही तिने ते कधी दिवसभर लावलं नाही. घरात लावायची, बाजारात काढून कमरेच्या पिशवीत ठेवायची. पण घरातलं बदललं. संगीताने पाठीमागून बोलणं सोडलं. स्वयंपाकघरातून ओरडण्याऐवजी ती बाहेर येऊ लागली. आधी हिशेबाने, मग सवयीने.

मावशीचं मात्र जिनिंगकडे लक्ष लागलं होतं. हंगाम सुरू झाला होता आणि ती पुन्हा कामावर जात होती. एक दिवस तिने विलासकरवी मला फोन लावला, ती मशीनवाली पोरगी धामणगावला येईल का विचार म्हणाली. मुलगी यायला तयार झाली. मॅनेजरला वाटलं होतं, डोळे तपासतात तसं काहीतरी असेल, दुपारच्या सुट्टीत अर्धा तास करा म्हणाला.

रविवारी मी त्या मुलीला घेऊन गेले. रेचे बंद होते, गोदामात सतरंजी टाकलेली, वीसेक बायका भिंतीला लागून बसलेल्या, आणि एकही उठेना. कारण साधं होतं. बहिरी ठरली तर काम जाईल. दारात मॅनेजर उभा. मुलगी मशीन मांडून बसली होती, तिला काय करावं कळेना.

मावशी उठली. तपासणीच्या खुर्चीवर जाऊन बसली, आणि बसण्याआधी ती खुर्ची स्वतःच फिरवली, सगळ्यांकडे पाठ करून. मुलीने मागून तिला नावाने हाक मारली. हळू, मग मोठ्याने, मग आणखी मोठ्याने. सगळ्या बायकांनी ऐकलं. मावशी सरळ भिंतीकडे पाहत होती. बराच वेळ गेल्यावर ती वळली.

"हाक मारली असीन हिनं. मले नाई आली ऐकू," ती त्या बायकांना म्हणाली. "भावाच्या मरनाचा निरोपबी असाच नाई आला. आनखी सांगतो. माया कानात दिवसरात रातकिडे वाजते. कोनाले सांगतलं नाई, लोक म्हनतीन डोकं फिरलं."

मग शेवंता नावाची तिशीतली एक बाई म्हणाली, "मलेबी वाजते." तिच्या शेजारची म्हणाली, तिच्या कानात शिट्टी वाजते, झोपताना जास्त. कोपऱ्यातली एक म्हणाली की तिने त्यावर गंडा बांधून घेतला होता. वर्षानुवर्षं एकमेकींचे ओठ वाचणाऱ्या त्या बायकांनी ही एकच गोष्ट एकमेकींपासून लपवली होती. मग एकेक जण उठून खुर्चीवर बसत गेली. सुट्टीचा अर्धा तास संपला, तरी मॅनेजरने त्या दिवशी रेचे तासभर उशिरा सुरू केले. एवढं श्रेय त्यालाही द्यायला हवं.

पुढच्या हंगामात मावशीला बोलावणं आलं नाही. आता वय झालं, आराम करा, असा निरोप आला. पण त्याच हंगामात रेच्यावरच्या बायकांना कानावरची झाकणं मिळाली, आणि दर दोन तासांनी बाहेर कापूस निवडायच्या कामावर बदली मिळू लागली. झाकणांत घाम येतो म्हणून बायका ती गळ्यात लटकवून ठेवायच्या. मग मावशी दुपारी फाटकाशी जाऊन बसायची आणि गळ्यात झाकण दिसलेल्या बाईला सुट्टीत आपल्या त्या कुजबुजीने समजावायची. काम गेल्याचं तिला वाईट वाटलं का, हे मी एकदा विचारलं. ती म्हणाली, वाटलं, हातांना सुचत नाही.

मी तिला शेवटचं पाहिलं ते धामणगावच्या स्टेशनवर. सकाळची पॅसेंजर होती. मला बडनेऱ्याला उतरून अमरावतीला जायचं होतं. मावशी आणि संगीता अकोल्याला निघाल्या होत्या, मामाच्या घरी. मामीने अजूनही फोन उचलला नव्हता. न कळवताच जायचं, दारातून हाकललं तर परत यायचं, असं ठरवून दोघी निघाल्या होत्या. मावशीने इस्त्रीचं पांढरं लुगडं नेसलं होतं. संगीताच्या पिशवीत मामीसाठी साडी आणि घरचे तिळाचे लाडू.

गाडीत आम्हाला खिडकीजवळ जागा मिळाली. दोघी समोरासमोर बसल्या आणि धामणगावची शेतं मागे पडायच्या आत त्यांचा वाद सुरू झाला. मला आधी वाटलं, लाडवांवरून असेल.

"मामीले मीच सांगतो," संगीता म्हणत होती. "मास्क काढून सांगाले पायजे होतं. चूक माई हाय."

"तू चूप बस," मावशी म्हणाली. "मान कोनं हालवली? हो कोन म्हनलं? मी सांगीन."

"तुमाले ऐकू आलं नाई, त्याच्यात तुमची काय चूक?"

"मंग समजलं नाई असं म्हनाले काय झालतं मले? लाज वाटे. लाजेपायी भाऊ गेला माया. ते मी सांगीन, तू नाई."

दोघींचे आवाज चढले होते. डब्यातले लोक पाहत होते. सासूसुनेचं भांडण म्हणून एकाने दुसऱ्याकडे पाहून डोळे मिचकावले. बडनेरा आलं तशी मी उतरले. त्यांना सांगितलंही, पण दोघींचं लक्ष नव्हतं. फलाटावर उभी राहून मी खिडकीतून पाहिलं. मावशी एका हाताने संगीताचा गुडघा दाबून धरत होती आणि दुसऱ्या हाताने नाही, नाही करत होती. संगीता ऐकायला तयार नव्हती. गाडी हलली. माझ्या डोळ्यांपुढून तो डबा जाईपर्यंत त्या दोघी, चूक आपलीच आहे यावरून, एकमेकींच्या तोंडाकडे पाहत भांडत होत्या.